'मेच' ते 'ब्रह्म': कालीचरण ब्रह्म यांच्या सुधारणेची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आसामच्या गोआलपाडा भागातल्या बोडो या आदिवासी समाजाला बाहेरचे लोक 'मेच' म्हणत, आणि त्यात हिणवणं असे. गावात मान हवा असेल तर वैष्णव गोसाव्याकडून शरण, म्हणजे दीक्षा, घ्यायचं. असा माणूस 'सरनिया' होई. पुढे दारू आणि डुक्कर सुटलं की त्याची पुढची पिढी 'कोच' या हिंदू जातीत मोजली जाई. मात्र या वाटेवर बोडो भाषाही सुटत जाई. दुसरीकडे ख्रिस्ती मिशनरी होतेच. मान मिळावा आणि बोडोपणही राहावं, असा तिसरा मार्ग कालीचरण मेच यांनी काढला.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८६० चा, काजीगावचा. धंदा लाकडाच्या व्यापाराचा. १९०६ मध्ये कोलकात्यात त्यांनी शिवनारायण परमहंसांकडून दीक्षा घेतली आणि अनुयायांनी 'ब्रह्म' हे आडनाव लावायला सुरुवात केली.

त्यांचा रोख कशावर होता हे कळायला बाथौ, म्हणजे बोडोंची पारंपरिक पूजा, पाहावी लागते. अंगणात सिजौ, म्हणजे आपल्याकडच्या थोराच्या जातीचं झाड, आणि भोवती बांबूचं कुंपण. सिजौला पाच कडा, कुंपणाला पाच बंद. खेराई या बाथौच्या मोठ्या पूजेत कोंबडी-डुकरांचा बळी आणि जौ, म्हणजे तांदळाची दारू. जौ करायचा तर भात शिजवून गार करायचा, त्यात 'अमाव' ही खमिराची वडी चुरून मिसळायची आणि मडक्यात काही दिवस आंबवायचं. पूजा, लग्न, पाहुणे, सगळीकडे जौ लागे. घरातलं धान्य त्यात जाई.

म्हणून 'पिऊ नका' एवढं सांगून भागणारं नव्हतं; विधीच बदलणं भाग होतं. कालीचरणांनी बळीच्या जागी होम आणला: अग्नी, तूप, सुगंधी द्रव्यं, गायत्री मंत्र आणि 'ओम सत्गुरू' हा घोष. सोबत टिपकाईत शाळा काढली आणि विणकामावर भर दिला. १९२१ च्या बोडो महासंमेलनापर्यंत हा विचार ठरावांच्या रूपाने पुढे आला.

अडचणीही इथेच होत्या. तूप विकतचं, मंत्र संस्कृत, त्यामुळे बऱ्यापैकी शेती आणि थोडं शिक्षण असलेली घरं आधी वळली. डुकरं आणि जौ हा घरच्या बाईच्या हातचा पैसा होता, तो आटला. ब्रह्म आणि बाथौ मानणाऱ्यांत जेवणाखाण्याचं अंतर पडलं.

तरी मूळ हेतू सुटला नाही. १९२९ मध्ये सायमन कमिशनपुढे कालीचरणांच्या पुढाकाराने बोडोंचं निवेदन गेलं. बोडोंना वेगळा समाज म्हणून प्रतिनिधित्व द्या, असं त्यात मागितलं होतं. १९३८ मध्ये ते वारले. पुढे बाथौ मानणाऱ्यांच्या एका गटानेही बळी सोडून फुलं-धूप घेतले, सिजौ मात्र अंगणातच ठेवला.