नाईट करणाऱ्या सिस्टरचं मन कसं मोजायचं?

मनाची तपासणी म्हटलं की आपण आजारच शोधतो. झोप उडाली का, रडू येतं का, कामाचा वीट आलाय का? परिचारिकांच्या बाबतीतही बहुतेकदा 'बर्नआउट', म्हणजे कामाने आलेला मनाचा थकवाच मोजला जातो. पण नैराश्य नाही म्हणजे मन ठणठणीत, असं होत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी मानसिक आजार आणि मानसिक आरोग्य या दोन वेगळ्या पट्ट्या मानल्या. कसलंही निदान नसलेला माणूससुद्धा आतून कोमेजलेला असू शकतो.

ही दुसरी पट्टी मोजायला १९९८ पासून 'डब्ल्यूएचओ-५' ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का, एवढंच विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण मिळतात. ५० किंवा त्याहून कमी आले, तर नीट चौकशी करायची. ते निदान नव्हे.

समजा, सोलापुरात आयसीयूत नाईट करणाऱ्या एका सिस्टरची उत्तरं ३, २, ३, ० आणि २ आली. बेरीज १०, गुण ४०. माझ्या मते खरी गोष्ट चौथ्या, ताजंतवानं वाटण्याच्या प्रश्नाला मिळालेल्या त्या शून्यात आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार, वर पत्रा, पंखाही गरम वारा फेकतोय, मुलांना सुट्टी. दिवसा डोळा लागणार कसा? तिचं मन दुबळं नाही, तिला झोपच मिळत नाही. सलग लागणाऱ्या नाईट कमी करून काही आठवड्यांनी पुन्हा हेच प्रश्न विचारता येतात. १० गुणांचा फरक या मोजपट्टीवर दखल घेण्याजोगा मानतात.

अर्थात, उत्तरं खरी आली तर. भरलेला कागद नावासकट वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असेल, तर "मी मजेत" असंच लिहिलं जाईल, आणि त्यात सिस्टरची काही चूक नाही. म्हणून नाव नको, ड्युटी बदलताना हँडओव्हरच्या घाईत तर हे प्रश्न मुळीच नकोत, आणि हिशेब पूर्ण वॉर्डाचा हवा. वॉर्डाची सरासरी घसरली, तर समुपदेशकाला बोलावण्याआधी ड्युटीचा तक्ता उघडावा आणि एका सिस्टरमागे किती पेशंट आहेत ते मोजावं.