गावातली टॉकीज आणि करमाफीचा घोळ

जुन्या नाशकात एखादं थिएटर बंद झालं, की चहाच्या टपरीवर एकच कारण ऐकू येतं: "टीव्ही आला, मग मोबाइल आला, आता टॉकीजला कोण जाणार?" हे कारण अगदी खोटं नाही, पण वर्षं मोजायला बसलं की ते पुरत नाही. रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडबरोबर आला. व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकानं त्याच सुमारास निघाली. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं आणि रविवारचा मॉर्निंग शो बसला. तरीही पुढची दहा-बारा वर्षं गावातल्या थिएटरांवर हाऊसफुल्लचे बोर्ड लागत राहिले, लेडीजच्या खिडकीवर भांडणं होत राहिली आणि ब्लॅकवाल्यांचं पोट भरत राहिलं. खरी पडझड २००१ नंतर झाली. तिच्या मुळाशी एक सरकारी निर्णय आहे, नव्या मल्टिप्लेक्सना दिलेल्या करमणूक कराच्या माफीचा, आणि त्याबद्दल नाशकात कुणी फारसं बोलत नाही.

विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, विकास, हेमलता, दामोदर, सर्कल, दिंडोरी रोडकडे महालक्ष्मी, नाशिकरोडला रेजिमेंटल आणि अनुराधा. नाशिककराला थिएटरांची एवढी नावं पुरतात, पत्ते सांगावे लागत नाहीत.

फार मागचा इतिहास इथे थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये पहिला चित्रपट मुंबईत दाखवून झाल्यावर त्यांनी सगळा संसार नाशकात हलवला, आणि पुढची अनेक वर्षं या गावात चित्रपट नुसते पाहिले जात नव्हते, तयारही होत होते. विजयानंद त्याच्याही आधीचं, मुळात नाटकांचं थिएटर. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथे नाटकाला आलेल्या कलेक्टरवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो प्रसंग इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. नाटकाच्या रंगमंचावर पडदा लागला आणि तेच थिएटर सिनेमाचं झालं, ही वाट महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांनी चालली. १९३१ मध्ये बोलपट आले, त्यांच्याबरोबर 'टॉकीज' हा शब्द आला, आणि आपल्याकडे तो इमारतीलाच चिकटला. चित्रपट बोलतात याचं नवल कधीच संपलं, शब्द मात्र राहिला.

मला नीट माहीत आहे तो काळ १९७५ ते २००० चा. माझे मामा गावातल्या एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे, होते, त्यामुळे मी सिनेमा जितका पडद्यावर पाहिला तितकाच केबिनच्या चौकोनी झरोक्यातून. केबिनमध्ये दोन मशिनं असायची. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं, म्हणजे तेवढ्या वेळात दुसऱ्या मशिनवर पुढचं रीळ चढवून कार्बनच्या कांड्या पेटवून तयार राहायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसरं मशिन चालू, पुन्हा ठिपका दिसला की पहिल्याचा उजेड बंद. बदल जमला तर प्रेक्षकाला काही कळायचं नाही. चुकला तर पिटातून शिट्ट्या आणि शिव्या. मामांचं म्हणणं असं की ऑपरेटरचं कौतुक कधी होत नाही, आठवण मात्र दरवेळी निघते. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची तेव्हा एक पोरगा सायकलवरून रिळं इकडून तिकडे पोचवायचा. मेन रोडच्या गर्दीत तो अडकला की पलीकडच्या थिएटरात इंटर्व्हल लांबायचा आणि भेळभत्तेवाल्याची चंगळ व्हायची.

प्रेक्षक कुठून यायचे हेही सांगायला हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या छापखान्यात पाळ्या चालायच्या. पाळी सुटली की माणसं नऊच्या खेळाला यायची. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली मंडळी तीनचा खेळ पाहून शेवटची एसटी गाठायची. सिंहस्थात तर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळ, काळारामाचं दर्शन आणि मग सिनेमा असाही क्रम असायचा. गावातल्या थिएटराला पार्किंग नव्हतं, कारण पायी आणि सायकलवर येणाऱ्यांसाठीच ते बांधलेलं होतं.

आता त्या निर्णयाकडे येतो.

तिकिटावरच्या कराचा कायदा १९२३ चा. कायद्याच्या नावात तो 'करमणूक शुल्क' आहे, लोकांच्या तोंडी 'करमणूक कर'. शेवटच्या काळात मोठ्या शहरांत तो ४५ टक्क्यांपर्यंत असायचा. म्हणजे थिएटरचा मूळ दर २० रुपये धरला तर त्यावर ९ रुपये कर, आणि खिडकीवर प्रेक्षक २९ रुपये मोजणार. ते ९ रुपये थिएटरमालकाचे कधीच नव्हते. तो फक्त गोळा करून कलेक्टर कचेरीत भरायचा, आणि तिकिटांची पुस्तकं तपासायला तिथूनच माणूस यायचा. थिएटरचा परवानाही १९५३ च्या कायद्याखाली त्याच कचेरीच्या हातात. त्यामुळे कर थकवून थिएटर चालवणं सोपं नव्हतं.

या करात सवलत देण्याच्या महाराष्ट्रात तीन निरनिराळ्या रीती झाल्या, आणि तिन्हींना लोक सरसकट 'टॅक्स फ्री' म्हणतात. सगळा घोळ इथेच आहे.

पहिली रीत खऱ्या करमुक्तीची. एखादा चित्रपट करमुक्त झाला की खिडकीवरचं तिकीट उतरायचं. वरच्या हिशोबात २९ चं २० व्हायचं. फायदा थेट पाहणाऱ्याला. शाळेची पोरं रांगेने थिएटरात नेली जायची ती अशाच चित्रपटांना.

दुसरी रीत १९७५ पासूनच्या करपरताव्याची. इथे तिकीट उतरत नसे. मराठी चित्रपटावर जमलेला कर सरकार निर्मात्याला परत द्यायचं, आणि अट अशी की त्याने पुढचा मराठी चित्रपट काढावा. पैसा प्रेक्षकाचाच, पण तो पुन्हा पडद्यावर यायचा. थिएटरवाल्याच्या हाती थेट काही पडत नसलं तरी मराठी चित्रपट निघत राहिल्याने त्याचे आठवडे भरायचे. परवान्याच्या अटीप्रमाणे वर्षाला मराठीचे ११२ खेळ दाखवावे लागत, म्हणजे रोज चार खेळ धरले तर पुरते चार आठवडे. ते दाखवायला चित्रपट तर हवेत!

तिसरी रीत २००१ ची, मल्टिप्लेक्ससाठी. नव्याने बांधलेल्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ आणि पुढची दोन वर्षं फक्त चौथा हिस्सा. याला 'करमाफी' म्हटलं गेलं. पण तिकीट उतरलं का? नाही. प्रेक्षक कराएवढी रक्कम मोजतच होता, ती मालकाकडे राहत होती. म्हणजे शब्द माफीचा आणि व्यवहार अनुदानाचा. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. या रकमेवर प्राप्तिकर लागतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये निकाल लागला, की ही रक्कम म्हणजे मल्टिप्लेक्स उभारण्यासाठी दिलेलं भांडवली अनुदान आहे, धंद्याचं उत्पन्न नव्हे. म्हणजे प्रेक्षकाने कर म्हणून मोजलेले पैसे आधी 'माफी' झाले, मग 'अनुदान' झाले, आणि त्यांवर मालकाला प्राप्तिकरही नाही.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे सांगतात की मल्टिप्लेक्स बांधायला प्रचंड खर्च येतो, चित्रपट धंद्याला नवं भांडवल हवं होतं, आणि पाच वर्षांनंतर पूर्ण कर मिळणारच होता. हे मुद्दे चुकीचे नाहीत. पण त्याच पाच वर्षांत गावातल्या जुन्या थिएटरला छप्पर बदलायचं होतं, खुर्च्या बदलायच्या होत्या, डॉल्बी बसवायचं होतं, आणि त्याच्या प्रत्येक तिकिटावरचा कर मात्र पूर्ण भरायचा होता. त्याच गावात, त्याच शुक्रवारी, तोच चित्रपट लागलेला. एका खिडकीवरचा कर मालकाच्या खिशात आणि दुसऱ्या खिडकीवरचा सरकारच्या तिजोरीत. दुरुस्तीसाठी जुन्या थिएटरांना निम्मी जरी सवलत दिली असती, तरी निदान तीन-चार थिएटरं आज वेगळ्या अवस्थेत दिसली असती, असं मला मनापासून वाटतं. मामांच्या थिएटरात बाल्कनीवरचे पत्रे गळायचे. एका वर्षी पावसाळ्यात मधल्या दोन रांगांची तिकिटंच फाडायची नाहीत, असं ठरलं होतं.

'एकपडदा' हा शब्दही तेव्हाच आला. त्याआधी थिएटरला एकच पडदा असतो हे सांगायची गरज पडली नव्हती.

पुढच्या घडामोडी भराभर आल्या. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात उत्पन्नाच्या वाट्यावरून भांडण पेटलं आणि सुमारे दोन महिने मोठे हिंदी चित्रपट आलेच नाहीत. तडजोड झाली ती मल्टिप्लेक्सच्या वाट्यावर: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि ३०. या भांडणात एकपडद्याचं काही नव्हतं, पण ऐन सुटीतल्या रिकाम्या खुर्च्या त्याच्याही वाट्याला आल्या. मग रिळं गेली, उपग्रहावरून चित्रपट येऊ लागला, आणि मामांची दोन्ही मशिनं वजनावर विकली गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विरला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के, त्याहून महाग तिकिटावर २८. २०१९ पासून ते १२ आणि १८ झाले. मार्च २०२० ला सगळीच थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबरला उघडली. गावातल्या थिएटरांसाठी तो काळ फार लांब ठरला.

बंद थिएटर पाडून नवी इमारत उठवायची तर तिच्यात काही आसनांचं चित्रपटगृह ठेवावं, ही अट राज्यात जुनी आहे, आणि ती काढून टाकावी ही एकपडदा मालकांची मागणीही तितकीच जुनी. चित्रपटगृह टिकावं म्हणून घातलेल्या अटीमुळे कुलूप लागलेली थिएटरं वर्षानुवर्षं पडून राहतात, असं मालक सांगतात. कागदावर ती जागा चित्रपटगृहाची असते. आत कबुतरं असतात, आणि भिंतीला टेकून फळवाल्याच्या हातगाड्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे. मामांना मी तो दर सांगितला. त्यांनी विचारलं, "शंभराच्या आतलं तिकीट आता गावात कोणतं थिएटर फाडतं?"