कार्बन नॅनोनलिका : पृष्ठरसायन, प्रथिनबंधन आणि जैवसुसंगती

कार्बन नॅनोनलिका, म्हणजे कार्बन अणूंची जाळी गुंडाळून बनलेली अतिसूक्ष्म पोकळ नळी, रक्तात किंवा पेशीसंवर्धनाच्या माध्यमात मिसळताच तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि त्यापुढे पेशींचा संबंध प्रामुख्याने या थराशी येतो, उघड्या कार्बनशी नव्हे. थरात कोणती प्रथिने असतील व ती किती घट्ट चिकटतील, हे बऱ्याच अंशी नलिकेच्या पृष्ठरसायनावर ठरते. त्यामुळे जैवसुसंगती (शरीराला अपाय न करता त्यात राहण्याची क्षमता) हा नलिकेचा अंगभूत गुण न मानता पृष्ठभाग, माध्यम आणि ऊतक यांच्या परस्परसंबंधातून उद्भवणारा गुण मानणे अधिक योग्य होय.

नलिकांच्या शोधाचे श्रेय सामान्यतः जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाला दिले जाते. तथापि रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये एका रशियन नियतकालिकात सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, आणि ओबर्लिन, एंडो व कोयामा यांच्या १९७६ च्या लेखातही अशा नलिका आढळतात. हे पाहता इजिमा यांना प्रथम शोधक म्हणण्याऐवजी बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नलिकांची रचना स्पष्ट करून विषयाला चालना देणारे म्हणणे सयुक्तिक ठरते. एकभित्ती नलिकांचे वर्णन १९९३ मध्ये इजिमा व इचिहाशी आणि बेथ्यून व सहकारी यांनी स्वतंत्रपणे केले. सतराव्या शतकातील दमास्कस पोलादाच्या तलवारीत नलिका आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा आहे, शोधाचा नव्हे.

प्रक्रिया न केलेली नलिका म्हणजे गुंडाळलेली षट्कोनी कार्बनजाळी असून ती जलविरोधी (पाण्याला दूर सारणारी) असते. पाण्यात अशा नलिकांच्या मोळ्या बनतात. एकभित्ती नलिकेचे सैद्धांतिक पृष्ठक्षेत्र ग्रॅमला सुमारे १,३१५ चौरस मीटर असले, तरी मोळ्यांमुळे त्याचा थोडाच भाग प्रथिनांसाठी उपलब्ध राहतो.

प्रथिनाला नलिकेशी नेमके कोणते बल धरून ठेवते, याविषयी मतभेद आहेत. एक मत ट्रिप्टोफॅन, टायरोसिन व फेनिलॲलॅनिन या अमिनो अम्लांची वलये कार्बनजाळीवर समांतर बसून होणाऱ्या पाय-पाय (π-π) आकर्षणाला, म्हणजे वलयांतील इलेक्ट्रॉनांच्या परस्पर आकर्षणाला, प्राधान्य देते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रिनोजेन, इम्युनोग्लोब्युलिन, ट्रान्सफेरिन व अल्ब्युमिन या रक्तप्रथिनांच्या एकभित्ती नलिकांवरील बंधनाची सांगड या अवशेषांशी (प्रथिनसाखळीतील अमिनो अम्ल घटकांशी) घालण्यात आली, आणि प्रथिनांचा थर बसल्यावर नलिकांची पेशीविषारिता कमी झाल्याचेही दिसून आले. दुसरे मत जलविरोधी आंतरक्रियेला, म्हणजे पृष्ठभागालगतचे पाणी मुक्त होण्याला, अधिक महत्त्व देते. वलययुक्त अवशेष बहुधा प्रथिनाच्या गाभ्यात दडलेले असतात, म्हणून केवळ त्यांच्या संख्येवरून बंधनाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. प्रथिनसाखळीची घडी किती सैल आहे व ती पृष्ठभागावर किती उलगडते, हेही पाहावे लागते. आर्जिनिनसारख्या धनभारित अवशेषांचा वाटाही वगळता येत नाही. दोन्ही बले एकाच वेळी कार्य करतात व त्यांचे प्रमाण प्रथिनागणिक बदलते, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते. शिवाय थर स्थिर नसतो. विपुल व चपळ प्रथिने आधी बसतात आणि पुढे अधिक घट्ट चिकटणारी त्यांची जागा घेतात. लिओ व्रोमन यांनी १९६० च्या दशकात काचेसारख्या पृष्ठभागांवर दाखवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पृष्ठभाग बदलण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे संहत सल्फ्युरिक व नायट्रिक अम्लांच्या मिश्रणात, बहुधा ३ : १ या प्रमाणात, नलिकांचे ऑक्सिडीकरण करणे. यामुळे टोकांवर व जाळीतील दोषांच्या जागी कार्बॉक्सिल गट येतात, नलिका पाण्यात पसरते आणि शरीराच्या पीएचला ऋणभारित राहते. अल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला निव्वळ भार शून्य असतो तो) सुमारे ४.७ असल्याने तेही तेथे ऋणभारितच असते. तरीही ते अशा नलिकेला चिकटते, कारण त्याच्या पृष्ठभागावर धनभारित व जलविरोधी ठिगळे असतात. मात्र हीच अम्लप्रक्रिया नलिका आखूड करते आणि लोह, कोबाल्ट, निकेल या उत्प्रेरकांचे अवशेषही काढून टाकते. परिणामी प्रक्रियेनंतर घटलेल्या विषारितेचे श्रेय एकट्या कार्बॉक्सिल गटांना देणारे निष्कर्ष सावधपणे वाचावेत. प्रथिनांना दूर ठेवण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण देतात. २००२ मध्ये स्टॅनफर्डमधील हाँगजी दाय यांच्या गटाने पृष्ठसक्रियकासह (साबणासारख्या पदार्थासह) असे आवरण देऊन स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाचे अविशिष्ट बंधन रोखले. सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधांनी जाळीची विद्युतीय वैशिष्ट्ये बिघडतात, म्हणून जैवसंवेदकांसाठी असहसंयुज आवरण श्रेयस्कर समजले जाते.

थरामुळे विषारिता नेहमीच घटते असे नाही. सीवनक्यू (C1q) हे पूरक प्रणालीतील, म्हणजे रक्तातील एका संरक्षक प्रथिनसाखळीतील, प्रथिन नलिकांना चिकटून ती प्रणाली सक्रिय करू शकते. लांब व ताठ बहुभित्ती नलिकांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केल्याचे २००८ मध्ये दिसून आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या एकाच प्रकारच्या नलिकेला ‘२ बी’ (मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता) गटात ठेवले. उलट, पांढऱ्या पेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर कार्बॉक्सिलयुक्त एकभित्ती नलिकांचे विघटन करते, असे २०१० मध्ये दाखवण्यात आले. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून पाहणाऱ्या एमटीटी चाचणीतील फॉर्मझान हे रंगद्रव्य नलिकांवर अडकून जिवंत पेशीही मृत भासू शकतात, त्यामुळे या एकाच चाचणीवर विसंबू नये.

प्रथिनथर रक्तद्रवागणिकही बदलतो. खानदेशात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल व पावरा समाजांत, सिकलसेल विकार आढळतो. या विकारात रक्तपेशी सतत फुटत असल्याने रक्तद्रवात मुक्त हिमोग्लोबिन वाढते व त्याला बांधून घेणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन घटते. निरोगी दात्यांच्या रक्तद्रवावर काढलेले रक्तसुसंगतीचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत; नमुन्यासोबत दात्याची सिकलसेल स्थिती नोंदवणे इष्ट.

कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून किंवा केळीच्या खोडापासून मिळणारा सच्छिद्र कार्बन हा नॅनोनलिकांहून निराळा पदार्थ आहे; वरील विवेचन त्याला लावू नये. त्याची बारीक छिद्रे फायब्रिनोजेनसारख्या सुमारे ४५ नॅनोमीटर लांब रेणूला बहुतांशी बंद असतात.