मातेचे मानसिक स्वास्थ्य आणि शिशुपोषण (कोकण किनारपट्टी)

बाळाला अंगावर पाजावे, वरचे दूध द्यावे की दोन्ही चालू ठेवावे, हा निर्णय बाळंतिणीच्या मनःस्थितीवर बराच अवलंबून असतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तो सहसा तिच्या एकटीचा नसतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा शब्द आणि अनेकदा नोकरीसाठी मुंबईत असलेला नवरा, या साऱ्यांचा त्यावर परिणाम होतो.

दूध तयार होण्यास प्रोलॅक्टिन, तर ते बाहेर येण्यास ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कारणीभूत असते. वेदना, भीती, टोमणे आणि सततचे जागरण यांमुळे ऑक्सिटोसिनचे स्रवण मंदावते, आणि दूध असूनही पान्हा लवकर फुटत नाही. बाळ रडते, ‘हिला दूध पुरत नाही’ असे कोणीतरी बोलून जाते आणि वाटीचमच्याने वरचे दूध सुरू होते. त्यानंतर बाळ कमी ओढते, स्तन पुरेसे रिकामे होत नाहीत, दुधाची निर्मिती खरोखरच घटते आणि आरंभी निराधार असलेली शंका खरी ठरते. वास्तविक पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. केवळ रडण्यावरून निष्कर्ष काढणे आईवर अन्याय करणारे आहे.

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत येणारा रडवेपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. उदासी त्याहून अधिक टिकली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईना, तर प्रसूतिपश्चात नैराश्याची शक्यता तपासावी लागते. भारतातील अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे २२ टक्के मातांमध्ये ते आढळते. हा संबंध दुहेरी आहे: नैराश्यामुळे स्तनपान लवकर सुटते, तसेच पाजण्याची इच्छा असूनही ते न जमलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याची जोखीम वाढते.

हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणीची पेज आणि शेकशेगडी यांना कोकणात मोठा मान आहे. या आहारातून पोषण मिळतेच. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी, की पेजेची वाटी हातात देणारी आई किंवा मावशी तेवढा वेळ बाळाला स्वतःकडे घेते आणि बाळंतिणीचा डोळा लागतो. माहेरपण संपवून ती मुंबई-ठाण्याकडील एखाद्या खोलीत परतते तेव्हा हा आधार एकदम सुटतो, आणि अनेकदा बाटली तिथेच सुरू होते.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट देणे अपेक्षित असते. या भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेची आणि मनाची विचारपूसही व्हायला हवी. त्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली उपयोगी पडते. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. नैराश्यावरील काही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्तनपान चालू असतानाही घेता येतात. त्यामुळे उपचारांसाठी बाळाला तोडावेच लागेल, हा समज चुकीचा आहे. जिथे वैद्यकीय सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागते, तिथे ते उकळून थंड केलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात तयार करून, बाटलीऐवजी स्वच्छ वाटीचमच्याने आणि आईला कोणताही दोष न देता द्यावे.