गोदावरीच्या मुखाशी साठलेला गाळ आणि त्याची पुढची लाखो वर्षं

राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरमला, गोदावरी फुटते. गौतमी यानमकडे जाते, वसिष्ठा अंतर्वेदीकडे, आणि वैनतेया या दोघींच्या मधून समुद्र गाठते. या फाट्यांमधली भातखाचरं नदीनं वाहून आणलेल्या मातीवर उभी आहेत. ती माती ओली असताना बोटांना चिकटते आणि वाळली की भेगाळते, अगदी पैठणच्या काळ्या रानासारखी. खोऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे, त्याचीच ही झीज.

आजचा त्रिभुज प्रदेश भूशास्त्राच्या हिशेबात कोवळा आहे. २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती आणि नदी आपला गाळ पार लांब टाकत होती. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि ६-७ हजार वर्षांपूर्वी स्थिरावला. तेव्हापासून ही भर पडत गेली. वाळूचे जुने दांडे आजही किनाऱ्याला समांतर दिसतात: उंचवट्यावर गाव आणि झाडं, दोन दांड्यांमधल्या सखल पट्ट्यात भात. त्या काळचा किनारा कोल्लेरू सरोवराजवळ होता. तो भाग आता समुद्रापासून ३०-३५ किलोमीटर आत आहे, म्हणजे जमीन वर्षाला सरासरी पाच-सहा मीटर पुढे सरकली.

पण ही जमीन सतत खचतही असते. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वरच्या थरांच्या वजनानं ते पिळून निघतं आणि पृष्ठभाग खाली बसतो. पुराचा नवा थर ती तूट भरून काढतो. इथेच गणित बिघडलं आहे. जायकवाडी आणि श्रीरामसागरसारख्या जलाशयांत प्रवाह मंदावतो. जाड वाळू फुगवट्याच्या तोंडाशीच बसते, बारीक गाळ भिंतीपर्यंत येऊन बसतो, आणि अगदी बारीक तेवढा पाण्याबरोबर पुढे जातो. १९७०च्या दशकात नदी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९०च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. जो थोडा पोहोचतो, तोही काठावरच्या पूरबांधांमुळे शेतांवर पसरत नाही.

याचा पहिला फटका गौतमीच्या मुखाजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनाला बसेल. तिवराची श्वासमुळं गाळ अडवून जमीन उंचावतात, पण समुद्र वर्षाला ६-७ मिलिमीटरपेक्षा वेगानं चढू लागला तर कांदळवन मागे पडतं. त्याला आत सरकायला जागा हवी, आणि तिथे कोळंबीची तळी आहेत. ती जागा आत्ताच मोकळी ठेवायला हवी, नंतर मिळणार नाही.

तापमानवाढ २ अंशांवर थांबली तरी पुढच्या २००० वर्षांत समुद्र २ ते ६ मीटर चढेल, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीचा अंदाज आहे. तेव्हा कोल्लेरू पुन्हा खारं होईल, दांडे बेटांसारखे उरतील. पुढचं हिमयुग बहुधा ५० हजार वर्षांहून अधिक दूर आहे. ते आलं की समुद्र मागे हटेल, नदी आपल्याच गाळात घळ कोरेल आणि आजची भातखाचरं उंच, कोरड्या पायरीवर राहतील.

त्यापुढचं पाहायचं तर राजमहेंद्रीजवळच्या काटेरू आणि पंगिडीच्या खाणींत जावं. तिथे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांमध्ये खाडीतल्या शिंपल्यांचा चुनखडक आहे. तेव्हाही किनारा इथेच होता. तो लाव्हा दख्खनकडून जुन्या नद्यांच्या पात्रांतून सुमारे १००० किलोमीटर वाहत आला, असं बऱ्याच भूवैज्ञानिकांचं मत आहे. गाळाचा रस्ता लाव्हानं आधीच धरला होता म्हणायचं.

आजचा गाळही असाच गाडला जाईल. किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तीन-चार किलोमीटर खोलीवर चिखलाचा शेल, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा खडक, झालेला असतो आणि त्यातल्या पालापाचोळ्यातून वायू सुटू लागतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून आज उपसला जाणारा वायूही जुन्या गाळातलाच. कांदळवनाच्या कुजक्या थराचा मात्र आधी लिग्नाइट, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा, होईल, मग दगडी कोळसा. त्या खडकाच्या कापात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा थर ओळखता येईल: खाली जाड गाळ, वर एकदम पातळ, आणि त्यात प्लास्टिकचे तुकडे.