पार्श्वभूमी: ५० एमएमचा १.५ सोन्नार आणि फोकस कुठे बांधायचा हा वाद

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, वडसा-ब्रह्मपुरीकडे मंडप रात्रभर जागे असतात, आणि रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) गळ्यात घालून फिरणाऱ्या आमच्या मंडळीत दरवर्षी तोच विषय निघतो की सोन्नार (५० एमएमची जुन्या रचनेची लेन्स) पूर्ण उघडा, म्हणजे १.५ अॅपर्चरला मारला तर फोकस पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, काऊन पडते. नवीन पोरं विचारतात, जुने आपापलं सांगतात, आणि दोघांचंही अर्धं बरोबर असतं. म्हणून मागचं एकदा नीट लिहून ठेवतो.

कॉन्टॅक्स हा जर्मन रेंजफाइंडर १९३२ मध्ये आला आणि त्याच्यासोबत सोन्नार. त्या काळी काचेला कोटिंग (उजेड परत फिरणं कमी करणारा पातळ थर) नव्हतं, हवा आणि काच जिथं भेटते तिथं दरवेळी ४-५ टक्के उजेड परत फिरायचा आणि फोटोवर पांढुरका पडदा यायचा. सोन्नारच्या १.५ मध्ये सात काचा, पण चिकटवून तीनच गट केलेले, म्हणजे असे पृष्ठभाग फक्त सहा. लायका या दुसऱ्या जर्मन रेंजफाइंडरसाठी १९३६ ला जो १.५ आला त्यात सात काचा पाच गटांत, म्हणजे दहा पृष्ठभाग. कॉन्ट्रास्टचा एवढा फरक कुठून आला ते यातच आहे.

युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएतकडे गेली, तिथं कॅमेरा कीव्ह झाला आणि १.५ सोन्नार ज्युपिटर-३ झाला. जपानने १९५० मध्ये याच घराण्याचा १.४ काढला, आणि कोरियन युद्ध टिपायला गेलेल्या अमेरिकन फोटोग्राफरांनी जपानी काचा वापरल्या तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. मग एसएलआर आला, म्हणजे आरशाने थेट लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा. सोन्नारची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ जाते की मधे आरसा फिरायला जागाच राहत नाही, आणि तोवर कोटिंग आल्यामुळे जास्त पृष्ठभागांची भीतीही गेली होती, त्यामुळे नॉर्मल लेन्समध्ये डबल गॉस या दुसऱ्या रचनेने बाजी मारली आणि ५० चा सोन्नार रेंजफाइंडरपुरताच राहिला.

आता मूळ भांडण. २००० च्या दशकाच्या मध्यात एका जर्मन नावाखाली हीच रचना नव्या कोटिंगसह लायकाच्या एम माउंटमध्ये (लेन्स बसवायची खोबण) परत आली, सी-सोन्नार म्हणून. आणि ती लेन्स फॅक्टरीतून फोकसला २.८ वर बांधून, म्हणजे प्रतिमा जुळल्या की २.८ ला फोकस अचूक पडेल अशी लावून, पाठवायचं ठरलं. या रचनेत काचेच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे जुळतात. पूर्ण उघडल्यावर कडेचे किरणही आत येतात, अॅपर्चर बंद करत गेलो की ते कटतात आणि फोकस मागे सरकतो. एसएलआरवाल्यांनाही हा त्रास होतोच, पण रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, दोन प्रतिमा जुळवतो, त्यामुळे सरकलेला फोकस डोळ्याला कळायचा प्रश्नच येत नाही. कारखान्याला कोणतं तरी एक अॅपर्चर निवडावंच लागतं. २.८ धरलं की बहुतेक रोजच्या फोटोंत चूक लपते, पण १.५ ला फोकस पुढे पडतो.

कंपनीची बाजू समजते, सगळ्यांसाठी मधला मार्ग काढला. पण १.५ ची लेन्स घेणारा माणूस ती १.५ ला वापरायलाच घेतो, हे सगळ्यात आधी बघायला पाहिजे होतं असं मला वाटतं. एक मीटरवर १.५ ला शार्प पट्टा साधारण साडेतीन सेंटिमीटरचा असतो. स्टेजमागे एका बल्बखाली नट तोंडाला रंग लावत बसलेला, आपण मीटरभरावर, ४०० ची फिल्म, १/६० स्पीड, आणि जोडलेल्या प्रतिमा अगदी त्याच्या पापणीवर. निगेटिव्ह धुवून आली की नाकाच्या शेंड्यावरचा घाम कडक आणि डोळे मऊ. समोरच्या रांगेतून, तीन मीटरवरून स्टेज मारा, तिथं पट्टा तीसेक सेंटिमीटरचा होतो आणि वाद संपतो. भांडण सगळं जवळच्या फोटोचं आहे, आणि सोन्नार खुलतो तो जवळच. बऱ्याच तक्रारींनंतर १.५ वर बांधून द्यायची सोय झाली, त्यामुळे आज सेकंडहँड बाजारात दोन्ही प्रकारचे नग फिरतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत.

ज्युपिटर-३ चा गुंता अजून वेगळा. तो लायकावर लावला तर लायकाच्या रेंजफाइंडरचा हिशेब ५१.६ मिलिमीटर फोकल लेंथवर बांधलेला, आणि सोन्नार घराण्याची खरी फोकल लेंथ त्याहून किंचित जास्त. त्यात कित्येक नग मधल्या काळात कुणीतरी उघडून परत बसवलेले. आतली शिम (लेन्स पुढे-मागे बसवणारी पातळ चकती) बदलून जवळचं जुळवलं की लांबचं थोडं हलतं. २०१६ मध्ये याची नवी आवृत्ती निघाली, ती ०.७ मीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे हा प्रश्न अजूनच जवळ आला.

मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून हीच काच वापरणारे आता खूप झालेत, त्यांना स्क्रीनवरच खरं दिसतं, म्हणून त्यांना हा वाद कळत नाही. पण त्या काचेची मजा रेंजफाइंडरच्या चौकटीतून, आवाज न करता, अंधारात मारण्यातच आहे, आणि त्यासाठी आपला नग ओळखणं भाग आहे. मीटरभरावर वर्तमानपत्र तिरपं ठेवा, एकाच ओळीवर फोकस करून १.५, २, २.८ आणि ४ ला मारा. २.८ ला ओळ बरोबर आली तर १.५ ला प्रतिमा जुळवल्यावर अंग बोटभर पुढे झुकवायचं. १.५ लाच बरोबर आली तर २.८ आणि ४ ला तेवढंच मागे रेलायचं, आणि ८ च्या पुढे काहीच करायचं नाही.