सर्व्हो गेला की सांधा अडला? रेडिओ कंट्रोल गाडीच्या स्टिअरिंगचे दोन सारखे दिसणारे दोष

पावसाळाभर माळ्यावर ठेवलेली रेडिओ कंट्रोल गाडी दसऱ्याच्या सुमारास खाली उतरते, बॅटरी चार्ज होते, आणि पहिल्याच वळणावर कळते की पुढची चाके पुरती वळत नाहीत, किंवा वळली तर पुन्हा सरळ येत नाहीत. रत्नागिरीच्या सड्यावर आणि भाट्याच्या वाळूत गाड्या चालवणाऱ्या आम्हा मंडळींना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी ‘सर्व्हो गेला’, म्हणजे चाके वळवणारी मोटरची डबी बिघडली, हा निकाल लगेच दिला जातो. माझे म्हणणे असे की किनाऱ्यावरच्या गाडीत हा निकाल पुष्कळदा चुकतो, कारण सर्व्हो बिघडणे आणि सर्व्होपुढचे सांधे अडणे हे दोन वेगळे दोष असले तरी दुरून पाहणाऱ्याला अगदी एकसारखे दिसतात.

दोन्हींमधली हद्द आधी नीट ठरवून घेतली पाहिजे. रिमोट, रिसीव्हर, तीन तारांची जोडणी आणि सर्व्हो हा साखळीचा पहिला अर्धा भाग असून तो सर्व्होच्या दांड्यावर बसवलेल्या हॉर्नपाशी, म्हणजे दांड्याबरोबर फिरणाऱ्या लहान पट्टीपाशी, संपतो. हॉर्नपासून पुढे लिंक (हॉर्नला जोडलेली दांडी), ती ओढ दोन्ही बाजूंना पोचवणारा क्रँक, चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्या म्हणजे दोन्ही बाजूंचे टाय रॉड, त्यांच्या टोकांचे गोळीचे सांधे म्हणजे बॉल एंड, चाकाचा ब्लॉक ज्यावर फिरतो ते किंगपिन आणि चाकाच्या बेअरिंगा असा दुसरा अर्धा भाग येतो. सर्व्हो सेव्हर, म्हणजे चाक दगडावर आपटल्यावर तो धक्का सर्व्होच्या गिअरपर्यंत जाऊ न देणारा स्प्रिंगचा तुकडा, काही गाड्यांत हॉर्नच्याच जागी असतो तर काहींत क्रँकमध्ये. तो कुठेही असला तरी त्याची गणना मी दुसऱ्या भागात करतो, कारण त्याचे दुखणे विजेचे नसून स्प्रिंगचे असते.

हा फरक मला पैसे मोजून कळला. माझ्या १/१० मापाच्या गाडीची चाके उजवीकडे पूर्ण वळत आणि सोडल्यावर तिथेच थोडी अडकून राहत. मी मेटल गिअरचा नवा सर्व्हो मागवला, कुरिअरची आठवडाभर वाट पाहिली, तो काळजीपूर्वक बसवला, आणि गाडी पूर्वीइतकीच अडली. मग उजव्या चाकाचा किंगपिन काढायला घेतला तेव्हा स्क्रू पहिल्या आट्याला करकरला आणि बाहेर येताना त्याच्याबरोबर तपकिरी भुकटी सांडली. त्याच्या गुळगुळीत भागावर, जिथे ब्लॉक फिरायचा, तिथे गंजाचे खरखरीत कडे तयार झाले होते. जुना सर्व्हो निर्दोष होता. तो आजही दुसऱ्या गाडीत चालतो.

किनाऱ्यावर असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, ते लोखंडी भागांवर बसतात, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवत असल्यामुळे भाग कोरडा दिसत असतानाही त्यावर पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने त्या थराला वाळायची संधीच मिळत नाही. त्यात गाडीचे बरेच भाग नायलॉनचे असतात, आणि नायलॉन ओल शोषून किंचित फुगते. आत गंजलेला पिन आणि बाहेर फुगलेले नायलॉन असा दुहेरी जाच एकाच सांध्याला होतो. सर्व्हो मात्र बंद डबीत असतो, म्हणून त्याच्यापर्यंत ही ओल उशिरा पोचते.

आता सर्व्होच्या आत काय चालते तेही पाहू. त्यात एक लहान मोटर, गिअरांची मालिका, एक सर्किट आणि दांडा कोणत्या कोनात आहे हे सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. नेहमीच्या पद्धतीत रिसीव्हरकडून सेकंदाला साधारण ५० वेळा एक स्पंद येतो, तो १.५ मिलिसेकंद लांबीचा असला तर दांडा मध्यावर राहतो, १ मिलिसेकंदाकडे गेला तर एका बाजूला आणि २ मिलिसेकंदाकडे गेला तर दुसऱ्या बाजूला वळतो. सर्किट मागितलेला कोन आणि पोटेन्शिओमीटरने कळवलेला कोन यांची तुलना करत राहते आणि फरक संपेपर्यंत मोटर फिरवते. यावरून सर्व्होचे खरे आजार कोणते तेही कळते. पोटेन्शिओमीटर झिजला किंवा त्यात ओल गेली तर सर्किटला कोन चुकीचा कळतो आणि हॉर्न थरथरू लागतो. गिअरचा दात तुटला तर फिरताना एका ठराविक ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येऊन हॉर्न घसरतो. मोटर जळली तर हालचालच होत नाही. नुसते ‘जड झाले आहे’ हे लक्षण या यादीत बसत नाही.

दोन्ही दोष वेगळे करणारी चाचणी एकच आहे आणि तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही: हॉर्नपाशी लिंक सोडवायची. गाडी बंद ठेवून पुढची चाके जमिनीपासून उचला, लिंक मोकळी करा आणि चाके हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. चांगल्या स्थितीतली जोडणी इतकी सैल फिरते की गाडी बाजूवर कलती केली तर चाके स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला पडतात. मध्ये कुठे अडकले, खरखरले किंवा ढकलावे लागले तर दोष दुसऱ्या भागात आहे. मग एकेक टाय रॉड सोडवून पाहिले म्हणजे नेमकी बाजूही सापडते. लिंक जोडलेली असताना चाके हाताने वळवून हा अंदाज घेऊ नये, कारण त्या वेळी हाताला जाणवतो तो सर्व्होच्या गिअरांचा विरोध, आणि जोर केला तर प्लास्टिकचे गिअर मोडतात.

चाके मोकळी फिरली की सर्व्होची पाळी. लिंक सुटलेलीच ठेवून आधी रिमोट आणि मग गाडी सुरू करा, हॉर्नच्या टोकासमोर डबीवर पेनने बारीक खूण करा, आणि एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून मध्यावर सोडा. दोन्ही वेळी हॉर्न त्याच खुणेवर थांबला, थरथरला नाही आणि मार्गभर आवाज एकसारखा राहिला, तर सर्व्होवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. डिजिटल सर्व्हो थांबलेला असतानाही हलकी गुणगुण करतो, तो दोष समजू नये.

इथे एक कठीण जागा येते आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. लिंक सुटलेली असताना चाके मोकळी आहेत, सर्व्होही नीट वागतो, तरी जोडणी केल्यावर जमिनीवर गाडी अर्धवटच वळते. शेजारचा एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला होता. “काका, हवेत बघा, कशी पूर्ण वळते. खाली ठेवली की वळत नाही, म्हणजे सर्व्होला ताकदच नाही ना?” त्याचा तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. सगळे भाग जोडून चाके हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्याला रिमोट वळवायला सांगायचे. पाहायचे ते चाकाकडे नव्हे, तर सर्व्होच्या दांड्याकडे. दांडा पुरा वळला आणि चाक तिथेच राहिले, तर मधली स्प्रिंग दबते आहे, म्हणजे सर्व्हो सेव्हर ढिला आहे. त्याची चकती आट्याआट्याने घट्ट करावी किंवा स्प्रिंग बदलावी. दांडाच अडला तर मात्र सर्व्हो कमी ताकदीचा आहे किंवा त्याला वीज पुरत नाही. त्या मुलाच्या गाडीत दांडा पूर्ण वळत होता. ढिल्या सेव्हरचे आणखी एक लक्षण असे की डाव्या वळणानंतर गाडी किंचित डावीकडे आणि उजव्या वळणानंतर किंचित उजवीकडे ओढत राहते, म्हणून रिमोटवरचा ट्रिम (चाकांचा मध्य थोडा सरकवणारी खुंटी) कितीही फिरवला तरी ती सरळ लागत नाही.

विजेची गोष्ट तपासायची ती यानंतर. सर्व्होला वीज मिळते ती बहुधा स्पीड कंट्रोलरच्या (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीच्या) आतल्या बीईसीकडून, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज रिसीव्हर आणि सर्व्होला झेपेल इतके करून देणाऱ्या सर्किटकडून, साधारण ५ ते ६ व्होल्ट. जोरकस सर्व्हो अडला की दोन-तीन अँपिअर सहज ओढतो, आणि बीईसी तेवढा करंट देऊ शकला नाही तर व्होल्टेज खाली येऊन रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. ओळखायची खूण अशी की स्टिअरिंगबरोबर गाडीचा वेगही त्याच क्षणी तुटतो; सांधा अडल्यामुळे असे स्वतःहून होत नाही. पण अडलेला सांधा सर्व्होला जास्त करंट ओढायला लावतो, म्हणून यांत्रिक दोष विजेच्या दोषाचे सोंग घेऊ शकतो, आणि आधी चाके तपासण्याचा माझा आग्रह त्यासाठीच आहे. जोडणीच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर प्लग बदलणे हा तो खरवडत बसण्यापेक्षा बरा उपाय आहे.

हॉर्न थरथरत असेल आणि दोष सर्व्होचा की रिसीव्हरचा हे ठरत नसेल, तर चालू स्थितीतला दुसरा सर्व्हो त्याच जागी लावून पाहावा. दुसरा सर्व्हो नसेल तर मोटरच्या तारा सोडवून सर्व्हो आणि स्पीड कंट्रोलरचे प्लग रिसीव्हरवर आपसांत बदलावेत. मग सर्व्हो रिमोटच्या वेगाच्या ट्रिगरने चालेल. तरीही तो थरथरला तर दोष सर्व्होबरोबर आला असे समजावे, थरथर थांबली तर रिसीव्हरच्या चॅनेलकडे किंवा रिमोटच्या चाकाकडे पाहावे. मोटरच्या तारा सोडवणे विसरू नये, नाहीतर स्टिअरिंगचे चाक फिरवताच गाडी टेबलावरून उडी घेईल.

गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर दोहोंपैकी काहीच बिघडलेले नसण्याचीही शक्यता असते. पुष्कळ सर्व्होंच्या दांड्यावर २५ दात असतात, म्हणजे हॉर्न एक दात चुकला की १४.४ अंशांचा फरक पडतो. तो ट्रिमने भरून काढायला गेले तर एका बाजूचे वळण खाल्ले जाते. गाडी सुरू करून, ट्रिम शून्यावर आणून, मगच हॉर्न सर्वांत जवळच्या दातावर बसवावा आणि उरलेला फरक लिंकच्या लांबीने काढावा. वळण दोन्ही बाजूंना सारखेच कमी झाले असेल तर रिमोटवरची ड्युअल रेटची, म्हणजे एकूण वळण कमी-जास्त करणारी, खुंटी आधी पाहावी. पिशवीत घासून ती फिरलेली असते. आणि वेग दिल्यावरच ओढत असेल, हाताने ढकलल्यावर सरळ जात असेल, तर स्टिअरिंग सोडून टायर आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचा ताण पाहावा.

दुरुस्तीबद्दल किनाऱ्यापुरते दोन शब्द. समुद्रावरून आलेली गाडी, तिचे सुटे भाग पाण्यात चालणारे असतील तर, गोड्या पाण्याने धुऊन पुसून वाळवावी. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला सर्व्हो पाणी आत येऊ देत नसेल, पण दांड्याभोवती सुकलेले मीठ रबराच्या कड्याला आणि बेअरिंगला खातच राहते. बॉल एंडना तेल लावू नये, कारण तेलाला वाळू चिकटते आणि त्या मिश्रणाने बॉल घासला जातो. काळबादेवी, नेवरे, मालगुंड या पट्ट्यातली काळसर वाळू याबाबतीत जास्त त्रासदायक आहे: तिच्यात इल्मेनाइट या खनिजाचे कण असतात, ते साध्या वाळूपेक्षा जड असल्यामुळे चासीच्या तळाशी, नेमके क्रँकच्या खुंट्यांभोवती साचतात. सड्यावरची जांभ्याची लाल धूळ ब्रशने निघते, ही वाळू मात्र क्रँक खोलल्याशिवाय निघत नाही. गंजलेले किंगपिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरण्यापेक्षा स्टेनलेसचे घ्यावेत, आणि चाकांना लोखंडी झाकणाऐवजी रबरी सीलच्या बेअरिंगा घालाव्यात.

सर्व्हो बदलला असो वा सांधे मोकळे केले असोत, जोडणी झाल्यावर एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने प्रत्येक बाजूला कुठवर वळावे याच्या रिमोटवरच्या मर्यादा, पुन्हा लावावे लागतात, कारण अडलेल्या सांध्याला अनुसरून ठेवलेली मर्यादा मोकळ्या सांध्याला लागू पडत नाही. रिमोट एका टोकाला धरून एंड पॉइंट हळूहळू वाढवावा. चाकाचा ब्लॉक आपल्या अटकावाला टेकला की सर्व्होचा आवाज जड होतो, तिथून एक-दोन अंक मागे यावे, आणि मग दुसरी बाजू घ्यावी.